पाहुण्याचं पाणी

दगडांची विहीर खूप मागाहून झाली. आमच्या पाड्याची विहीर मी पहिल्यांदा पाहिली ती खळ्यावर, राखेनं काढलेली. भात झोडून झालं होतं, खळं मोकळं होतं, आणि पाड्यातली शहाणी माणसं पोरांसारखी उकिडवी बसून खेळत होती. घर म्हणून सागाचं पान, झाड म्हणून काटकी, बांध म्हणून खड्यांची ओळ. मधोमध राखेचं एक कडं. कुणीतरी त्या कड्यात पळीभर पाणी ओतलं. ते लगेच जिरलं, पण तेवढ्या वेळात त्यात आभाळ दिसलं आणि सगळेजण त्यावर वाकले. मला आजही डोळे मिटले की ते दिसतं.

हा खेळ दरबारानं लावून दिला होता. तेव्हा जव्हार संस्थान होतं आणि आमचा डोंगर त्याच्या अगदी कडेला. बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली गेली. ज्या गावाला विहीर, वाट, धर्मशाळा असं काही सगळ्यांच्या उपयोगाचं काम करून हवं असेल, त्यानं एकत्र बसून काय हवं ते ठरवावं, जागा नक्की करावी, अंगमेहनत द्यावी. दगड, गवंडी आणि सुरुंगाची दारू दरबार देईल. अंमलदार स्वतः येऊन गरज पाहतील, आणि जिथे गरज जास्त तिथे मदत आधी मिळेल. तोवर दरबारानं आम्हाला कधी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे ‘तुम्हाला काय हवं’ हा प्रश्नच आमच्या लोकांना अफूसारखा चढला.

मी नुकती लग्न होऊन आले होते. सासू माझ्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणून ती माझी आत्याच राहिली. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा पाड्याचे कारभारी. माझे काका जव्हारला कचेरीत पट्टेवाले होते आणि लहानपणी त्यांच्याकडे राहून मी शाळेत जात असे, म्हणून मला लिहितावाचता येत होतं. अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरातली नवी सून दौत-बोरू घेऊन बसलीय आणि सगळे जाणते तिच्याभोवती, हे दृश्य आत्याला फार आवडायचं. ती मुद्दाम चुलीपाशी भांडी आपटून जाणत्यांना आपली सून दाखवायची.

पण मागायचं काय, यावरून भांडणं झाली. एकाला वाट हवी होती, एकाला वाघदेवाला छप्पर. एका म्हाताऱ्याला घंटा हवी होती. कशाला, तर वाजवायला. त्यानं घंटेचा हट्ट सोडावा म्हणून शेवटी विहिरीच्या कठड्याला घंटा टांगायची असं ठरलं, आणि मी तसं अर्जात लिहिलंसुद्धा. विहिरीवर एकमत झालं तरी तिचं रूप रोज वाढत होतं. आज गुरांसाठी डोणी, उद्या धुण्याला दगड, परवा काठाला चाफा. दुपारी नागलीची भाकरी खाऊन माणसं पडायची आणि पडल्या पडल्या विहिरीत आणखी काहीतरी घालायची. त्या हिवाळ्यात आमच्या पाड्यावर कुणी दुसरं स्वप्न पाहत नव्हतं.

हसण्यासारखं वाटेल, पण त्या विहिरीवर पाडा राहणार की जाणार हे ठरायचं होतं. थंडी ओसरू लागली की आमचं पाणी संपे. खाली दरीत एक झिरा होता, म्हणजे खडकाच्या पोटात खणलेला खड्डा. त्यात थेंब थेंब पाझरायचं आणि करवंटीनं ते घागरीत भरायचं. एक घागर भरेपर्यंत बायकांच्या गप्पा संपून जायच्या. उन्हाळा चढला की सगळा पाडा गुरंढोरं घेऊन नदीकाठी उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत चढायचा. आदल्या उन्हाळ्यात झिऱ्याच्या वाटेवर आत्या घागरीसकट घसरली. गुडघा सुजला तो पुरता बरा झालाच नाही. तेव्हापासून पाड्यात बोललं जाऊ लागलं, की दरवर्षीची ही चढउतार पुरे. जामसरच्या बाजूला सोयरे जागा देताहेत, सपाट आहे, जवळ पाणी आहे. विहीर नाही झाली तर कायमचंच उतरायचं.

आत्या म्हणाली, “तुमी उतरा. मी नाय उतरायची.”

कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. आमच्या घरामागची भाताची खाचरं आधी नुसता कातळ होता. लग्न होऊन आल्यावर तिनं आणि मामांनी खालून माती पाटीनं डोक्यावर वाहून आणली, बांध घातले आणि त्यात भात पिकवलं. संध्याकाळी ती लंगडत जाऊन बांधावर बसायची आणि मातीत बोटं घालायची. मी पाहते आहे हे कळलं की उगाच तण उपटायला लागायची. पाडा गेला असता तर ती खरोखरच तिथे एकटी राहिली असती, आणि तो विचार मला झोपू द्यायचा नाही.

अर्ज गेला. शिमगा उलटल्यावर निरोप आला, की अंमलदार रावसाहेब गरज पाहायला येत आहेत.

आता कुणीही म्हणेल, बरं झालं, कोरडे रांजण दाखवा, झिरा दाखवा. मीही तेच म्हटलं. आत्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आत निघून गेले.

“पाव्हना येतो हाय,” ती म्हणाली, “तो कोरड्या पायानं घरात येल?”

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला, लांबून आला असेल तर आंघोळीला. अंगण सारवलेलं हवं. आणि त्याच्यापुढे घरातली उणीव काढायची नाही, काढली तर तो मोकळ्या मनानं जेवणार कसा? त्यात हा तर दरबाराचा पाहुणा. मग काय, सगळा पाडा कामाला लागला. पहाटेपासून बायका झिऱ्यावर. घरात प्यायच्या पाण्याला हात लावायचा नाही, लेकरांनी मागितलं तर घोटभर. भांडी राखेनं कोरडीच घासायची. मी कुरकुरले तर नवरा म्हणाला, “चार दिवसांचा तर प्रश्न आहे.” मला इतका राग आला होता की मी त्याच्याशी बोलणं सोडलं. पण घागरी मात्र वाहत होते, इतर बायकांइतक्याच. रांजण, मडकी, वाळक्या भोपळ्याचे तुंबे, जे जे भांडं गळत नव्हतं ते ते भरलं. ओळीनं ठेवलेली ती भरली भांडी दिव्याच्या उजेडात चमकायची तेव्हा माझाही राग थोडा विरघळायचा. इतकं पाणी मी पाड्यावर कधी पाहिलं नव्हतं.

रावसाहेब तट्टावरून आले. वयस्कर गृहस्थ, घामानं भिजलेले, बोलणं अगदी मऊ. त्यांचे पाय धुतले गेले. न्हाणीच्या दगडावर त्यांना ऊन पाण्याची आंघोळ घातली आणि ते तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. बिचाऱ्यांना बरं वाटत होतं. तट्टू पोटभर प्यालं, मग कुणाच्या तरी अंगात आलं आणि तट्टालाही आंघोळ घातली. मी कुडाआड उभी राहून अंगणातून वाहून जाणारा तो ओहळ पाहत होते. कोंबड्या त्यात उभ्या होत्या. माझ्या डोक्यावरची प्रत्येक खेप त्या ओहळातून निघून चालली होती.

जेवणं झाल्यावर रावसाहेब बाजेवर टेकले आणि कामाचं विचारलं. “उन्हाळ्यात पाणी पुरतं का?”

मामांनी हात जोडले. “भागतं रावसाहेब. देवाची किरपा.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. जाणत्यांपुढे सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. मी कुडाच्या कारवीच्या काठ्या मुठीत आवळल्या.

“तो झिरा म्हणता तो पाहू या का?”

“कशाला उन्हात?” मामा काकुळतीनं म्हणाले. “वाट वाईट हाय. तुमचं पाय दुखतील. पानी लागल तर इथंच आनून देतांव.”

आणि खरंच तांब्या भरून आणून दिला. रावसाहेबांनी राखेचं कडं मात्र कौतुकानं पाहिलं, घंटेची जागाही पाहिली, सगळ्यांना रामराम केला आणि गेले. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले तेव्हा पाड्यात स्वयंपाकालाही पाणी उरलं नव्हतं. मी घागर उचलली आणि दरीत उतरले. उतरताना मोठ्यानं बडबडत होते. वाटेत माकडांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

पुढल्या बाजाराला काकांनी कानावर घातलं. विहीर दुसऱ्या गावाला मंजूर झाली. तिथे रावसाहेबांना फुटक्या करवंटीत गढूळ पाणी दिलं होतं आणि तेही जरा विचार करून. आमच्याविषयी ते कचेरीत म्हणाले होते, की त्या डोंगरावर पाण्याचं सुख आहे, लोक मोठे प्रेमळ, तट्टालासुद्धा न्हाऊ घालतात.

मी हे घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, आता तरी कुणी कपाळावर हात मारून घेईल.  पण घंटावाला म्हातारा म्हणाला, “म्हंजे रावसाहेबांला पानी पुरला.” आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर समाधान पसरलं! त्या दिवशी मी या माणसांपुढे हात टेकले. खरं सांगायचं तर त्यांचा इतका राग आणि इतकी माया मला एकाच वेळी पुन्हा कधी वाटली नाही.

तो उन्हाळा नेहमीसारखा नदीकाठी गेला. नवऱ्यानं आत्याला पाठीवर घेऊन खाली नेलं आणि पाठीवरच वर आणलं. पावसाळा गेला, भात झालं. खळ्यावर झोडणी सुरू झाली तेव्हा जाणते एकमेकांकडे न पाहता बोलले, की होळीनंतर उतरायचं ते परत चढायचं नाही. दोन घरांनी वाट पाहिली नाही. त्यांनी छपराची लाकडं उतरवली, बांधली आणि ती जामसरकडे गेली. त्यांची नुसती जोती राहिली. त्यांच्या चुलीच्या जागी कुणाचं तरी कुत्रं जाऊन निजायचं. आत्या बांधावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागली.

त्या हिवाळ्यातही दवंडी झाली. पण पुन्हा मागायला कुणी तयार होईना. एकदा ‘भागतं’ म्हणून सांगितलं, आता कुठल्या तोंडानं जायचं?

“मी जातें,” आत्या म्हणाली. “पोरी, तू लिही.”

मी लिहिलं. या खेपेला घंटा गाळली. मग आम्ही तिघं जव्हारला निघालो. आत्या काठी टेकत, चढ आला की नवऱ्याच्या पाठीवर. सकाळचं धुकं दरीत साठलेलं होतं आणि आम्ही जणू पांढऱ्या तळ्याच्या काठाकाठानं चाललो होतो. आत्याला ते फार आवडलं. शिरपामाळावर तिला बसवलं. इथे पूर्वी थोरल्या महाराजांचा फौजेसकट मुक्काम पडला होता असं सांगतात. आत्यानं चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, “येवढी मानसा, येवढी घोडी. पानी कुठून भरला असल बायकांनी?” मला हसू आलं, पण ती गंभीरच होती.

मी तिला सारखी पढवत होते. स्पष्ट सांग, पाणी नाही म्हण, गुडघा दाखव. ती म्हणत होती, “बघू.”

काकांनी आम्हाला कचेरीत नेलं. रावसाहेबांनी आत्याला लगेच ओळखलं, उठून उभे राहिले, बसायला चटई घालायला लावली आणि काकांना म्हणाले, “लांबून आल्यात, आधी पाणी द्या.” काकांनी पितळी तांब्या-भांडं आणलं. आत्यानं भांडं वर धरून घशात धार सोडली आणि श्वास न घेता ते रिकामं केलं. तांब्यात जे उरलं ते तिनं कमरेच्या तुंब्यात ओतलं आणि त्याचं बूच घट्ट दाबलं. सवयच ती. उरलेलं पाणी ठेवून उठणं तिला माहीतच नव्हतं. मला तेव्हा त्या कचेरीत जरा लाज वाटली. रावसाहेब मात्र त्या तुंब्याकडे पाहत होते.

मग त्यांनी अर्ज वाचला. कपाळाला आठ्या पडल्या. “बाई, मी तुमच्याकडे येऊन गेलोय. रांजण काठोकाठ होते. माझ्या तट्टाला आंघोळ घातलीत. आणि इथे लिहिलंय, पाणी नाही. यातलं खरं काय?”

मी तोंड उघडणार तोच आत्यानं माझा हात दाबला.

“दोनी खरा, रावसाहेब.”

“ते कसं काय?”

“ता पानी तुमचा व्हता,” ती म्हणाली. “आमचा नव्हता.”

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, हे तुमचं, हे आमचं, असं वाटणी करून सांगावं तसं. रावसाहेबांनी अर्ज खाली ठेवला.  मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “मग तेव्हाच मला का नाही सांगितलंत?”

आत्या त्यांच्याकडे पाहतच राहिली. एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, हे तिला कळेना.

“पाव्हन्याला?” ती म्हणाली.

रावसाहेब त्यानंतर स्वतः झिऱ्यावर उतरले. आले तेव्हा कुणाला वर्दी दिली नव्हती. त्यामुळे आत्या दिवसभर धुसफुसत होती, की न सांगता येतो तो कसला पाहुणा. ते बायकांच्या रांगेच्या शेवटी दगडावर बसून राहिले, आपली पाळी आल्यावर करवंटीभर प्याले आणि चढून वर गेले. मंजुरी आली. गवंडी आले, सुरुंगाचे आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आले. पाड्यातल्या सगळ्यांनी दगड वाहिले. जागा खळ्यावरच्या खेळात राखेच्या कड्यानं दाखवली होती तीच धरली. पाणी लागलं तेव्हा ते मातीसारखं तांबडं होतं आणि आम्ही ते डोळ्यांना लावलं. डोणी झाली, धुण्याचा दगड झाला. चाफा मी लावला. घंटा झाली नाही. म्हातारा कुरबुरत राहिला, आणि मी ती अर्जातून गाळली हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. गेलेली दोन घरं परत आली नाहीत, पण त्या चैत्रात इतर कुणीही गुरं नदीकडे हाकली नाहीत. भर उन्हाळ्यात संध्याकाळी चुलींचा धूर घराघरांतून वर चढताना मी प्रथमच पाहिला. सगळा डोंगर अर्धवट झोपेत असल्यासारखा दिसत होता.

विहीर पाहायला रावसाहेब आले, या वेळी रीतसर कळवून. आत्यानं पाय धुवायचं पाणी तयार ठेवलं होतं, आंघोळीचं चुलीवर होतं. ते विहिरीपाशी आले, कठड्यावरून वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, “बाई, मी पाय धुवीन, आंघोळही करीन. पण आज आधी तुम्ही.”

आत्या गांगरली. पाहुण्याआधी घरच्यानं पाण्याला हात लावायचा, हे तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं. तिनं मामांकडे पाहिलं. मामा खाली पाहत होते. रावसाहेबांनी विहिरीकडे पाठ केली आणि डोंगर पाहत उभे राहिले. ते पाहून सगळ्याच पुरुषांनी पाठ केली.

मग ती लुगड्यासकट धुण्याच्या दगडावर बसली, दुखरा गुडघा लांब करून. त्या घरात आल्यापासून तिनं कधी एका तांब्याहून जास्त पाण्यात आंघोळ केली नव्हती. मी घागर शेंदली आणि तिच्या डोक्यावर ओतली, सगळीच्या सगळी. ती दचकली. पाणी तिच्या केसांतून, पाठीवरून खाली गेलं आणि खाचरांच्या दिशेनं वाहू लागलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ते बांधापर्यंत पोचून मातीत शिरलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

“आनखी,” ती म्हणाली.

मला रडू येत होतं आणि ते लपवायची गरज नव्हती, माझं तोंड उडालेल्या पाण्यानं आधीच ओलं होतं. मी घागर पुन्हा विहिरीत सोडली.